एकच डॉक्टर, तीन नट: तुलना करायची कशी?

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा नायक, डॉक्टर, अधूनमधून रूप पालटतो आणि मग ती भूमिका नवा नट करतो. तिचे दोन चाहते भेटले की वाद ठरलेला: डेव्हिड टेनंटचा डॉक्टर भारी की पीटर कपाल्डीचा? अशा वादातून हाती फारसं काही लागत नाही. दोघांना लेखक वेगळे, प्रसंग वेगळे, समोरची माणसंही वेगळी. खरी तुलना करायची असेल तर डॉक्टरचं एकच रूप निरनिराळ्या नटांनी केलेलं शोधा. मी पहिला डॉक्टर, म्हणजे त्याचं पहिलं रूप घेते. १९६३ साली बीबीसीवर मालिका सुरू झाली तेव्हा विल्यम हार्टनेल. ते १९७५ मध्ये गेले, म्हणून १९८३च्या 'द फाइव्ह डॉक्टर्स'मध्ये रिचर्ड हर्नडल. पुढे २०१७च्या 'ट्वाइस अपॉन अ टाइम'मध्ये डेव्हिड ब्रॅडली. इथे डॉक्टरने रूप पालटलेलं नाही. एका नटाच्या जागी दुसरा उभा करणं, नाटकवाले ज्याला रिप्लेसमेंट म्हणतात, तोच हा प्रकार.

सुरुवात हार्टनेलपासून करा, तीही आवाज बंद करून. हातांकडे बघा. कोटाच्या लॅपल धरून उभं राहणं, बोटात बोटं गुंफणं. हार्टनेल सुरुवातीला अवघे ५५ वर्षांचे होते, म्हातारपण त्यांनी अभिनयातून उभं केलं होतं. हर्नडल सत्तरी ओलांडलेले आणि ब्रॅडली ७५चे. त्यांना वय दाखवायची गरजच नव्हती, त्यामुळे तुलनेत 'म्हातारा छान वाटला' याला फारसे गुण देऊ नका.

मग डोळे मिटून ऐका. हार्टनेल वाक्याच्या शेवटी 'हं?' करतात, मध्येच खिदळतात, सहप्रवासी चेस्टरटनला 'चेस्टरमन' म्हणून जातात. तेव्हा चित्रीकरण जवळजवळ सलग व्हायचं, रीटेक महाग, त्यामुळे अडखळणंही तसंच राहून गेलं. हर्नडलचं बोलणं स्वच्छ आणि करडं आहे, पण ते खिदळणं कमी पडतं, आणि मला त्याचीच चुटपुट लागते. हार्टनेलच्या डॉक्टरमधला खोडकर पोरगा तिथेच तर दिसायचा.

आता समोरचं माणूस तेच ठेवा. 'द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ'च्या (१९६४) शेवटी डॉक्टर नात सुझनला बाहेर ठेवून टार्डिस या आपल्या यानाचं दार लावून घेतो आणि आतूनच तिचा निरोप घेतो. हाच तुकडा 'द फाइव्ह डॉक्टर्स'च्या अगदी सुरुवातीला लावला आहे. पुढे त्याच कथेत हर्नडलचा डॉक्टर सुझनला भेटतो, आणि सुझन तीच, कॅरोल अ‍ॅन फोर्ड. लागोपाठ बघा. पण न्यायाने बघा: हार्टनेलना निरोपाचं अख्खं भाषण मिळालं, हर्नडलना काही क्षण, लगेच मागे डॉक्टरचा जुना शत्रू डालेक हजर. नटाला लेखकाने किती जागा दिली हे मोजल्याशिवाय निकाल देऊ नका. एकांकिका बसवताना मी मुलांना हेच सांगत असते.

लेखक आणि नट वेगळे काढणं सगळ्यात अवघड, आणि ब्रॅडलीवर अन्याय होतो तो इथेच. त्याच १९६४च्या कथेत हार्टनेल सुझनला ढुंगणावर फटके द्यायची तंबी देतात. २०१७ मध्ये ब्रॅडलीचा डॉक्टर जवळपास तेच वाक्य बिलला, म्हणजे कपाल्डीच्या डॉक्टरच्या सहप्रवासी मुलीला, ऐकवतो. सुझन नात होती, ती दटावणी घरातली होती. बिल परकी आणि मोठी मुलगी, म्हणून तेच वाक्य कानाला खटकतं. हा दोष संहितेचा. ब्रॅडलीचं खरं काम बघायचं तर बिल त्याला गॅलिफ्रे, म्हणजे स्वतःचा ग्रह, का सोडलास असं विचारते तो प्रसंग लावा. तिथे दरडावणं नाही, कुतूहल आहे, आणि पडद्यावर हार्टनेलचा डॉक्टर विचार करताना दिसतो.

ब्रॅडलीचं २०१३चं 'अ‍ॅन अ‍ॅडव्हेंचर इन स्पेस अँड टाइम', ही मालिका कशी सुरू झाली ते सांगणारं टीव्ही-नाट्य, मात्र या तुलनेत धरू नका. त्यात ते डॉक्टर नाहीत, हार्टनेल नावाचा नट साकारतात. ते शेवटी, वेगळं बघा.

वहीत 'आवडला', 'नाही आवडला' लिहायचं टाळा. कोणता प्रसंग, समोर कोण, हात कुठे, आवाज कुठे चढला एवढंच टिपा. हे जमलं की डॉक्टरचा शत्रू मास्टर याच्याकडे वळा: रॉजर डेलगाडो, अँथनी एनली, मिशेल गोमेझ. तिथे रूप पालटण्याचाही हिशेब ठेवावा लागतो.