साखळी डावाची तयारी: आधी फाइल सगळ्यांकडे उघडते का ते बघा

नवशिक्यांना सिव्हिलायझेशन सहा, म्हणजे राज्य वसवून वाढवायचा, टर्नमागून टर्न खेळायचा व्हिडिओ गेम, शिकवायचा तर साखळी डावासारखा दुसरा मार्ग नाही. डाव एकच, पण खेळणारे पाच-सहा. पहिला वीस टर्न खेळतो, सेव्ह फाइल पुढच्याला पाठवतो, तो तिथून पुढे खेळतो. दुसऱ्याने करून ठेवलेला गोंधळ निस्तरताना माणूस जेवढं शिकतो तेवढं स्वतःच्या मनासारखं खेळताना शिकत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी ऑनलाइन बसायचं म्हटलं की वेळा जुळत नाहीत, आणि जुळल्या तरी ज्याला येतं तो पळत सुटतो, बाकीचे नुसते ‘नेक्स्ट टर्न’ दाबत राहतात. साखळीत तसं होत नाही. फक्त साखळी तुटता कामा नये. मागच्या वेळी मी जमवलेला डाव चाळिसाव्या टर्नला बसला, कारण तिसऱ्या गड्याकडे फाइलच उघडेना. चाळीस टर्न पाण्यात, आणि दोघं शिकाऊ वैतागून निघून गेले. म्हणून ही यादी. पुढचा परिच्छेद नीट वाचलात आणि बाकीचं सोडून दिलंत तरी माझी हरकत नाही.

तर पहिलं काम: कोणाकडे गेमची कोणती आवृत्ती आहे ते विचारा. ‘गेम आहे ना?’ असं विचारू नका. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. मे २०२० मध्ये एपिकच्या ऑनलाइन दुकानात मूळ गेम आठवडाभर फुकट मिळत होता, तेव्हा घेतलेला कित्येकांकडे आहे, आणि बहुतेकांकडे तेवढाच आहे. कोणी ‘राइज अँड फॉल’ ही पुरवणी विकत घेतलेली असते, कोणी ‘गॅदरिंग स्टॉर्म’ ही दुसरी. कोणाकडे प्लॅटिनम, म्हणजे या पुरवण्यांसकटचा संच असतो, आणि आपल्याकडे सगळंच आलं असं त्याला वाटत असतं. प्रत्यक्षात ‘न्यू फ्रंटिअर पास’ या नंतरच्या पुरवणीतले नेते त्यात नसतात. अँथॉलॉजी हा सगळ्यात मोठा संच घेतलेला तर दुसऱ्याकडे काही कमी असू शकतं हे विसरूनच गेलेला असतो. डाव सुरू करणाऱ्याने जो जादा ऐवज चालू ठेवला, तो पुढच्याकडे नसेल तर फाइल उघडत नाही. मॉडचंही, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या फेरफारांचंही, तसंच. रंग-आयकॉन बदलणारे काही मॉड निरुपद्रवी असतात, पण काही सेव्हमध्ये आपलं नाव लिहून ठेवतात, आणि मग तो मॉड नसलेल्याला फाइल दारातच उभी राहते. तेव्हा ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्यावरून डाव ठरवा. एकाकडे जरी फक्त मूळ गेम असेल तरी डाव मूळ नियमांवर, म्हणजे ‘स्टँडर्ड रूल्स’वर. ॲडिशनल कंटेंटच्या पानावर जाऊन बाकीचं सगळं बंद करा, मॉड झाडून सगळे बंद. कोणी कुरकुर करेल की शहरांची लॉयल्टी (निष्ठा) नाही, पूर नाहीत, डिप्लोमॅटिक विजय नाही. शिकणाऱ्यांना त्यातलं काहीही पहिल्या दीडशे टर्नमध्ये लागत नाही.

आणि एवढं विचारून थांबू नका. लोकांना स्वतःकडे काय आहे ते माहीत नसतं. चाचणीची फाइल करा. ज्या सेटिंगवर खरा डाव खेळायचा त्याच सेटिंगवर नवा डाव सुरू करा, दोन टर्न पुढे जा, सेव्ह करा, पाठवा. प्रत्येकाने ती उघडायची, एक टर्न खेळायचा, नव्या नावाने सेव्ह करायची आणि पुढच्याला द्यायची. शेवटच्याची फाइल पहिल्याकडे परत येऊन उघडली पाहिजे. ‘माझ्याकडे यादीत दिसतेय’ याला उघडणं म्हणत नाहीत. उघडून, सैनिक एक घर हलवून, सेव्ह करून दाखवा. पूर्ण फेरी झाल्याशिवाय खरा डाव सुरू करायचा नाही, कोणी कितीही घाई केली तरी. घाई करणारा नेमका तोच असतो ज्याच्याकडे सगळे नेते विकत घेतलेले असतात.

याच फेरीत फाइल कुठे बसते तेही ज्याने त्याने शोधून ठेवावं. विंडोजवर बहुधा डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्सच्या फोल्डरखाली, पुढे सेव्हज आणि त्यात सिंगल. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर ते भलतीकडेच सापडतं. स्टीमच्या क्लाउडवर भरवसा ठेवू नका. तो तुमची फाइल तुमच्याच दुसऱ्या मशिनवर नेतो, मित्राच्या नाही. मॅकवाले, फोनवाले, स्विचवाले असतील तर त्यांना चाचणी फेरीत मुद्दाम मध्ये बसवा, शेवटी नको. घोडं अडणार असेल तर लवकर अडू दे. नाहीच जमलं तर त्यांना दुसऱ्या गटात घ्या, पण डाव सुरू झाल्यावर ‘बघू काहीतरी’ नको.

माणसं पाच किंवा सहा. चारात तोच तोच परत येतो, आठांत आपली पाळी येईपर्यंत माणूस डाव विसरतो. त्यातला एक तरी अनुभवी हवा, आणि तो शेवटी खेळणारा हवा. अनुभवी माणूस पहिला बसवला की राजधानी उत्तम जागी बसते आणि बाकीच्यांना ती तिथेच का, हे कधीच कळत नाही. शिकाऊला पहिला टर्न द्या. नदीकाठी शहराला राहायची पाच घरं (हाउसिंग) मिळतात, किनाऱ्यावर तीन, कोरड्या जागी दोनच, हे त्याने एकदा कोरड्या जागी शहर वसवून लोकसंख्या अडली की मग जन्मभर लक्षात राहतं.

सेटिंग फार चघळू नका. नकाशा स्मॉल, खेळणारे सहा, पँजिया म्हणजे सगळे एकाच भूखंडावर आणि शेजारी लवकर भेटतात. वेग स्टँडर्ड. तो पाचशे टर्नचा असतो, पण आपल्याला शेवटपर्यंत जायचंच नाही. ऑनलाइन वेगात अडीचशे टर्नमध्ये सगळं उरकतं, आणि धनुर्धारी तयार होईपर्यंत त्याचा काळ संपत आलेला असतो. शिकण्यासाठी तो वेग कामाचा नाही. मॅरेथॉनच्या दीड हजार टर्नच्या नादी लागू नका. अवघडपणा प्रिन्स. त्याच्या खालच्या पातळ्यांवर खेळणाऱ्याला लढाईत जादा बळ मिळतं आणि नको त्या सवयी लागतात. वरच्या पातळ्यांवर संगणकाला सवलती मिळत जातात आणि शिकाऊ निष्कारण मार खातात. राज्य रोमचं घ्या. त्याचा नेता ट्रेजन मूळ गेममध्येच आहे, प्रत्येक शहराला मॉन्युमेंट ही इमारत फुकट देतो आणि बाकी काही चमत्कारिक करत नाही. कोणाला बॅबिलोन हवं असेल तर ठाम नाही म्हणा: तिथे विज्ञान निम्मं आणि युरेका, म्हणजे ठरावीक कामगिरी केल्याचं बक्षीस, मिळाली की अख्खं तंत्रज्ञान हातात, त्यामुळे शिकलेलं दुसऱ्या कुठल्याच राज्याला लागू पडत नाही. माओरींची सुरुवात तर समुद्रातच होते. शिवाय दोन्ही विकतचे आहेत, म्हणजे परत तोच फाइल न उघडण्याचा घोळ.

नियम तीनच ठेवा, पण आधी सांगा. पहिल्या फेरीत प्रत्येकी वीस टर्न, पुढे दहा-दहा. सुरुवातीला टर्नमध्ये करण्यासारखं कमी असतं म्हणून वीस. नंतर चार शहरं झाली की दहा टर्नलाही संध्याकाळ जाते. दोन दिवसांत पाळी खेळली नाही तर पाळी पुढच्याकडे, रुसवेफुगवे नाहीत. आणि तिसरा, ज्यावर भांडणं होतात: मागची सेव्ह उघडून पुन्हा खेळायचं नाही. सेटलर, म्हणजे नवं शहर वसवणारा, बिनसंरक्षण पाठवला आणि बार्बेरियन टोळ्यांनी उचलला, तर उचलला. तो परत मिळवायचा कसा ही पुढच्याची शिकवणी. चुकून भलतंच बटण दाबलं गेलं तर गटाला विचारून मागे जा, एरवी नाही.

आता हस्तांतराचं टिपण. हेही लोक टाळतात, आणि शिकवण्याच्या दृष्टीने सगळा डाव याच्यावरच उभा असतो. काय केलं ते लिहायची गरज कमी, ते नकाशावर दिसतं. का केलं ते लिहा. उदाहरण देतो. डिस्ट्रिक्टची, म्हणजे शहराच्या एका खास विभागाची, किंमत आपण जसजसे पुढे शिकत जातो तसतशी वाढते, पण जमिनीवर आखून ठेवला की त्या दिवशीची किंमत पक्की होते. म्हणून जाणता खेळाडू कॅम्पस, म्हणजे विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट, लगेच आखतो, एक टर्न काम करतो आणि मग दुसरीकडे वळतो. पुढच्याला दिसतो अर्धवट सोडलेला कॅम्पस. त्याला वाटतं हा विसरला, आणि तो सगळं सोडून तोच पूर्ण करत बसतो, सेटलर मात्र राहून जातो. टिपण असं हवं: ‘कॅम्पस डोंगरांच्या कुशीत आखलाय, दोन डोंगर म्हणजे विज्ञानात दोनचा फायदा. किंमत धरून ठेवायला आखला, आत्ता बांधू नका. आधी सेटलर, मग हा. उत्तरेला बार्बेरियनांचा टेहळ्या दिसला, डोक्यावर लाल उद्गारचिन्ह आहे, म्हणजे त्याने आपलं शहर पाहिलंय. तो तळावर पोचायच्या आत मारा, नाहीतर पाठोपाठ टोळी येईल. गोफणवाल्याने मारलात तर आर्चरीची युरेकाही मिळेल.’ चार-पाच वाक्यं पुरतात. त्यात एक वाक्य शंकेचं असू द्या: इथे मला कळलं नाही, तुम्ही काय केलं असतं? अनुभवी माणसाने त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, पण पुढच्याची पाळी संपल्यावर. आधी दिलं की पुढचा डोकं चालवत नाही, सांगितलेलं करतो.

फाइलचं नाव: गटाचं नाव, टर्नचा आकडा, खेळणाऱ्याचं नाव. ऑटोसेव्ह पाठवू नका. ती क्रमांकाच्या नावाने बसते आणि जुन्या पुसल्या जातात. दोघांच्या ऑटोसेव्हची नावं सारखी निघाली तर कोणती कोणाची हे देवालाही सांगता येणार नाही. पाठवलेली प्रत्येक फाइल एका सामाईक फोल्डरमध्ये राहू द्या. कोणी काही पुसायचं नाही, जागा फार लागत नाही.

आणि डाव चालू असताना कोणी नवं काही विकत घेतलं, नवा मॉड टाकला, गेमला अपडेट आलं, तर गटाला सांगायचं. हे मी वर लिहिलं आहे असं वाटेल, पण वर होतं ते सुरुवातीचं. हे मधलं आहे, आणि मधलंच जास्त बोचतं. सवलतीत गॅदरिंग स्टॉर्म मिळालं म्हणून घेतलं, छान. या डावात ते बंदच राहील. अपडेट आलं तर सगळ्यांनी करा आणि चाचणीची ती छोटी फेरी परत फिरवा. हो, परत. एक टर्न, सेव्ह, पुढे. दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळायला लोक जी कारणं देतात ती ऐकण्यातच अर्धा तास जातो.

मधल्या टप्प्याबद्दल फार लिहीत नाही. पाळी संपताना युद्ध पुकारून फाइल पुढे ढकलू नका, हा अगदी साधा शिष्टाचार आहे. लोकसंख्या चार, सात, दहा झाली की नवा डिस्ट्रिक्ट बसतो, हे कोणीतरी सगळ्यांना एकदा सांगून ठेवा. गेममध्ये ते नीट कुठे दिसत नाही. व्यापाराचे वाटाघाटीचे सौदे टिपणात लिहा, नाहीतर पुढचा तेच घोडे परत विकायला जातो.

शेवट आधीच ठरवा. दीडशे टर्न, किंवा शंभर. विजयापर्यंत खेळायचा हट्ट नको, शेवटचे दोनशे टर्न कंटाळवाणे असतात आणि लोक गळतात. थांबलात की सगळ्या फाइली क्रमाने उघडून एकदा एकत्र बघा, प्रत्येकाने आपली एक चाल समजावून सांगायची, बस.

पुढच्या गटात नवा माणूस आला तर त्याच्यासाठी चाचणीची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवलेली आहेच. आधी ती उघडून दाखव म्हणावं, मग पाळी.