विहिरींच्या पाण्याचा विद्यार्थी-प्रकल्प कसा करावा?

नागपूरच्या महाविद्यालयांत संशोधन, विस्तारकार्य आणि राष्ट्रीय सेवा योजना या तीन गोष्टी बहुधा तीन वेगळ्या फायलींत चालतात. एकच प्रश्न हाती घेऊन तिन्ही कामे त्याभोवती बांधता येतात. विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट हा त्यासाठी सोयीचा विषय आहे, कारण काटोल-नरखेड पट्ट्यातील संत्राबागांना आणि कपाशीला दिलेले नत्रखत, तसेच विहिरीलगतचे शेणखताचे ढीग व शोषखड्डे, यांमुळे ते भूजलात झिरपू शकते.

गाव निवडताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी ठरलेलेच गाव घ्यावे. तेथील सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि गावाच्या पाण्याची देखरेख करणारे जलसुरक्षक यांना आधी भेटून लोक पिण्यासाठी नेमके कोणते पाणी वापरतात, हे विचारून घ्यावे. प्रश्नावली त्यानंतर तयार करावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे त्या परिसरातील निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी मिळतात का, हेही पाहावे.

नमुने घेण्यात सर्वाधिक चुका होतात, म्हणून येथे घाई नको. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. हातपंप असेल तर आधी काही मिनिटे पाणी वाहू द्यावे. बाटलीवर विहिरीचा क्रमांक, तारीख आणि वेळ जागेवरच लिहावी, कारण संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदींवर कोणताही परीक्षक विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये. बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून 48 तासांच्या आत तपासाव्यात. शक्य असल्यास मे आणि नोव्हेंबर अशा दोन्ही वेळी नमुने घ्यावेत, म्हणजे पावसाळ्याचा परिणाम दिसतो.

भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा प्रतिलिटर 45 मिलिग्रॅम आहे. निष्कर्ष मांडताना गावाची सरासरी देऊन थांबू नये. सरासरी मर्यादेत असूनही चार विहिरी धोक्याच्या असू शकतात, आणि गावकऱ्याला त्याच्या विहिरीचा आकडा हवा असतो.

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. नमुने घेणे, घरोघरची पाहणी आणि विहिरीलगतची स्वच्छता हे काम त्यात बसवता येईल का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधीच ठरवावे. त्याच आकडेवारीवरून ‘आविष्कार’ या राज्यस्तरीय संशोधन महोत्सवाच्या महाविद्यालयीन फेरीसाठी भित्तिपत्रक तयार होते. मात्र त्यावर विहीरमालकांची नावे छापू नयेत.

निकाल गावाला सांगण्यापूर्वी मर्यादेबाहेर गेलेल्या विहिरींचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पुन्हा तपासून घ्यावेत. मगच ग्रामसभेत, शक्यतो 26 जानेवारीच्या, सोप्या भाषेत माहिती द्यावी. तेथे हमखास येणारा प्रश्न म्हणजे पाणी उकळून चालेल का. तर उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट वाफ निघून गेल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते, हे स्पष्ट सांगावे. तान्ह्या बाळाचे दूध मर्यादेबाहेर गेलेल्या विहिरीच्या पाण्यात मिसळू नये, हेही त्याच वेळी सांगावे.

विहिरींची यादी, नकाशा आणि मूळ नोंदवही विभागात जपून ठेवावी, म्हणजे पुढल्या वर्षीच्या तुकडीला त्याच विहिरी सापडतील.