आनंदीबाई जोशींवर प्रकल्प करताना कादंबरी वेगळी ठेवा

डॉ. आनंदीबाई जोशींवर प्रकल्प मिळाला की बहुतेक मुलं थेट ‘आनंदी गोपाळ’कडे वळतात. वाचावीच, पण ती श्री. ज. जोशींची कादंबरी आहे, त्यामुळे त्यातले संवाद ‘आनंदीबाई म्हणाल्या’ असे वहीत उतरवू नका. चरित्र हवं तर काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं शोधा. कॅरोलाइन डॉल यांचं इंग्रजी चरित्र 1888 सालचं, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी आलेलं. दोन्हींत एखादा तपशील जुळला नाही तर दोन्ही मतं नावानिशी लिहा. गुरुजनांना ते आवडतं, असा माझा तरी अनुभव.

माहिती टिपताना त्याच ओळीपुढे लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक लिहून टाका. पान क्रमांक नंतर शोधायचा म्हणजे पुस्तक पुन्हा चाळणं आलं, आणि तोवर ते ग्रंथालयात परत गेलेलं असतं! संकेतस्थळ असेल तर लेखाचं नाव, पत्ता आणि पाहिल्याची तारीख. ‘स्रोत: गूगल’ चालणार नाही, गूगल फक्त शोधून देतं. फोटोखालीही तो कुठून घेतला ते लिहा.