क्लबमॉस आणि कमळपक्षी: तुलना लिहिताना या चुका टाळा

बायोलॉजीच्या असाइनमेंटला क्लबमॉस (म्हणजे लायकोपोडियम, एक बुटकी हिरवी वनस्पती) आणि कमळपक्षी (तरंगत्या पानांवर चालणारा पाणपक्षी, जकाना) अशी विचित्र जोडी आली की आपल्या सोलापूरची पोरं एकच करतात, पानावर मधोमध रेघ मारायची, डावीकडं "हिरवी, चालत नाही", उजवीकडं "उडतो", झालं. ह्याला मार्क कोण देणार?

तुलना पाण्यावरून करा, खरी गंमत तिथंय. सगळे लिहितात की पक्षी पाण्यावर अवलंबून आणि लायकोपोडियम जंगलातलं म्हणजे जमिनीवरचं, पण पुनरुत्पादनाला आलं की सगळं उलटं होतं बघा. कमळपक्षी जन्मभर तलावावर राहतो, अंडीसुद्धा तरंगत्या पानांवर घालतो, तरी फलन मादीच्या शरीरात होतं आणि अंड्याला कवच असतं, त्यामुळं त्या कामाला बाहेरचं पाणी लागतच नाही. क्लबमॉसचं मात्र जंगलात राहून पाण्यावाचून अडतं, कारण शुक्रपेशीला अंडपेशीपर्यंत पोहत जावं लागतं, पाण्याचा पातळ थर तरी हवाच.

ही शुक्रपेशी येते कुठून, ते तर निम्मे लोक लिहीतच नाहीत. आपण बघतो ते हिरवं झाड बीजाणू सोडतं, बी नाही (टोकाला शंकू दिसतो म्हणून फसू नका). बीजाणूपासून वेगळाच बारीक गॅमेटोफाइट (अंडपेशी-शुक्रपेशी बनवणारा टप्पा) होतो, बऱ्याच जातींत तो जमिनीखाली बुरशीच्या जिवावर वाढतो आणि तयार व्हायला वर्षं घेतो. त्याच्यात गुणसूत्रांचा एकच संच. पक्ष्यात एक संच फक्त अंडपेशी-शुक्रपेशीत, असा स्वतंत्र जगणारा टप्पाच नाही.

क्लबमॉसला मॉसच्या गटात टाकू नका, ह्याला जायलम-फ्लोएम (पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या) आहे. "मागासलेलं" पण लिहू नका. ह्याचे नामशेष नातेवाईक लेपिडोडेंड्रॉन कार्बोनिफेरस काळात (तीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी) ३० मीटरच्या वर जायचे, युरोप-अमेरिकेचा कोळसा बराचसा त्यांचाच. पण म्हणून फताटेवाडीच्या वीजकेंद्रात जळणारा कोळसाही त्यांचाच असं ठोकू नका, भारतातला बहुतेक कोळसा नंतरच्या पर्मियन काळातला, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या नामशेष झाडांच्या जंगलांचा.

पक्ष्याच्या फोटोखाली तर हमखास घोटाळा होतो. लांब शेपटी दिसली की मोरासारखं "नर" लिहून मोकळे! लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात विणीच्या काळात, म्हणजे पावसाळ्यात, नर-मादी दोघांनाही शेपटी येते आणि हिवाळ्यात दोघांचीही जाते, मग डिसेंबरात हिप्परग्याच्या तलावावर जाऊन शेपटी शोधत बसू नका. आकाराने मोठी ती मादी. अंडी, शक्यतो चार, नर उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो. मादी तोवर दुसऱ्या नराकडं!

प्रॅक्टिकलला लायकोपोडियमची पिवळी पावडर स्लाइडवर पाण्यात भिजत नाही, वर तरंगते, म्हणून "सॅम्पल खराब" लिहितात. खराब नाही ओ, बीजाणू पाणी धरतच नाहीत, डिटर्जंटचा एक थेंब टाका. आणि बर्नरजवळ ती डबी उघडायची नाही, हवेत उडालेली पावडर भपकन पेटते, पूर्वी नाटकात ज्वाळा दाखवायला हीच वापरायचे.