विषबाधेच्या पेशंटला स्कोलीन देताय? या चुका टाळा

फवारणीचा हंगाम सुरू झाला की वॉर्डात ऑर्गनोफॉस्फरसचे, म्हणजे कीटकनाशकाच्या विषबाधेचे, पेशंट येऊ लागतात. आणि दर वर्षी कुणीतरी नवा रेसिडेंट श्वासनलिकेत ट्यूब टाकायला स्कोलीन, म्हणजे स्नायू लुळे करणारं इंजेक्शन, भरतो. "सर, पाच-दहा मिनिटांत उतरतं."

निरोगी माणसात उतरतं, कारण रक्तातलं स्यूडोकोलिनेस्टरेज ते फोडतं. मोनोक्रोटोफॉससारखं विष नेमकं तेच एंझाइम बंद पाडतं. मग स्कोलीन फुटणार कशानं?

मी शिकत असताना रात्री दोनला एका तरुण शेतकऱ्याला आम्ही ते दिलं. तास गेला, बोट हलेना. बाहुल्या विषानं आणि त्यावरच्या उताऱ्यानं, अ‍ॅट्रोपिननं, बिघडलेल्या, त्यांवरून काही कळेना. "मेंदू गेलेला दिसतो," असं कुणीतरी त्याच्या खाटेशीच बोललं. स्नायू औषधानं लुळे आहेत का ते दाखवणारा नर्व्ह स्टिम्युलेटर कपाटात पडून होता. सहाच्या सुमारास बोटं हलली. झोपेचं औषध कुणीच चालू ठेवलं नव्हतं. ट्यूब निघाल्यावर त्यानं ते वाक्य आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. आजही ते आठवलं की झोप लागत नाही.

तेव्हापासून माझ्या हाती स्नायू लुळं करणारं दुसरं औषध, रोक्युरोनियमच, किलोमागे 1.2 मिलिग्रॅम, आणि लगोलग झोपेचं मिडाझोलम. रोक्युरोनियम तासभर टिकतं ही तक्रार मला पटत नाही. हा पेशंट तसाही काही दिवस व्हेंटिलेटरवरच राहणार आहे.

रोक्युरोनियम उतरवायला निओस्टिग्मिन कदापि नको, तेही कोलिनेस्टरेजच अडवतं. स्नायू लुळे करणाऱ्या औषधानं झटके थांबलेले दिसतात, पण मेंदूतली फिट चालूच राहते. तिला डायझेपाम किंवा मिडाझोलमच लागतं.

दुसरी चूक तिसऱ्या दिवशीची. अ‍ॅट्रोपिननं छाती कोरडी झाली, पेशंट शुद्धीवर आला, की ट्यूब काढायची घाई सुटते. अ‍ॅट्रोपिन स्राव आटवतं, नाडी सावरतं. स्नायूंच्या निकोटिनिक रिसेप्टरवर, म्हणजे मज्जातंतूचा संदेश घेणाऱ्या जागेवर, त्याचा काहीच अंमल नाही. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 साली ज्याला इंटरमिजिएट सिंड्रोम म्हटलं, ती दुर्बलता साधारण 24 ते 96 तासांत येते. आधी मान पडते, मग श्वास.

मी प्रत्येक राउंडला म्हणतो, "काका, उशीवरून डोकं उचला," आणि पाच आकडे मोजतो. पाचाच्या आत डोकं पडलं, तर कितीही चांगला दिसो, त्या दिवशी मी ट्यूबला हात लावू देत नाही. कधी ही ताकद परतायला दोन-तीन आठवडेही लागतात, आणि हे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो.