पुण्यात जुनं घर भाड्यानं घेताय? आधी गच्चीवरचं धुराडं बघा

मी उदगीरवरून २००६ ला पुण्यात आलो, पहिली तीन वर्षं कॉट बेसिसवर काढली आणि लग्न झाल्यावर कसबा पेठेत एका जुन्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आता गावाकडून येणारे बहुतेक फ्लॅटच बघतात, पण ज्यांचं बजेट कमी आहे किंवा आई-वडिलांना सोबत आणायचंय ते अजून पेठांत, खडकीला अशी घरं घेतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अशा घराला चुलीचं नाहीतर बंबाचं धुराडं असतं, वापर कधीच बंद झालेला असतो, त्यामुळं घर बघताना तिकडं कुणाचं लक्षच जात नाही, आणि पावसाळ्यात ओल बऱ्याचदा तिथूनच खाली उतरते.

आमच्याकडं मे महिन्यात मालकांनी रंगाचा माणूस लावला, त्यानं भेगांत पुट्टी भरून वरून एक्सटिरिअर इमल्शनचे दोन हात मारले, धुराडं अगदी नवीन दिसत होतं. गणपतीत वर गेलो तर रंगाला फुगे आलेले, एक अंगठ्यानं दाबला तर आतून गार पाणी आलं आणि मागचा गिलावा भिजलेल्या भाकरीसारखा हातात आला. खाली स्वयंपाकघरात त्याच भिंतीला काळा डाग, आणि डागापासून हातभर अंतरावर पोरीचा पाळणा. त्या दिवशी लई वाईट वाटलं.

मग मजूर अड्ड्यावरून एक वयस्कर गवंडीमामा आणले (आपल्याकडं मिस्त्री म्हणतो, इथं गवंडी म्हणा), त्यांनी हातोडीच्या मागच्या बाजूनं सगळं धुराडं वाजवून बघितलं, जिथं बद आवाज आला तिथला गिलावा विटेपर्यंत काढला. हे तुम्हीपण करा, भेग दिसत नाही म्हणजे गिलावा धरून आहे असं नसतं. जुनं बांधकाम चुन्यातलं, वीट मऊ, तिच्यावर नुसत्या सिमेंटचा कडक गिलावा केला की तो वेगळा फुगतो आणि सुटतो. म्हणून मामांनी १ सिमेंट, १ चुना, ६ वाळू असा माल धरला, विटा ब्रशनं साफ करून, पाणी मारून मगच थापी लावली. चुना विझवलेला आणा, घरी कळीचा चुना विझवायला जाऊ नका, तो उकळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो.

खरं काम मात्र दोन जागी असतं. एक म्हणजे धुराडं गच्चीला टेकतं तो सांधा, तिथं चारी बाजूंनी गोल वाटा (कोपऱ्यात मालाचा गोलसर उतार) मारून घ्या म्हणजे पाणी थांबत नाही. दुसरं वरचं तोंड. वापर बंद असेल तर चार कोपऱ्यांना विटा ठेवून त्यावर शहाबादी फरशी टाका, थोडी बाहेर आलेली, म्हणजे पाऊस आत जात नाही आणि बाजूनं हवा खेळती राहते. तोंड पूर्ण लिंपून टाकलं तर आतला दमटपणा आतच राहतो. बाजूच्या फटींना जाळी लावा नाहीतर कबुतरं घर करतात.

सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, मालक कितीही घाई करोत, आणि रंग महिनाभरानं. आम्ही दिवाळीनंतर काम काढलं आणि रंग इमल्शनचा न देता डिंक घालून चुन्याचे तीन पातळ हात दिले, कारण चुन्यातून भिंतीची वाफ बाहेर पडते. दोन-तीन वर्षांनी परत एक हात द्यावा लागतो, तेवढं चालतं.

खर्चाबद्दल डिपॉझिट द्यायच्या आधीच बोला. मालकांना काका म्हणा, चहा घ्या, पण गच्चीची आणि धुराड्याची दुरुस्ती कुणाकडं ते अकरा महिन्यांच्या करारात लिहून घ्या, आणि राहायला जायच्या दिवशी वर जाऊन चारी बाजूंचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सअॅप करा.