अग्निशामकाचं प्रशिक्षण: पिन प्रत्येकाच्या हातून निघायला हवी

आधी एसओपीची, म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीची, चालू आवृत्ती काढा आणि तिचा क्रमांक, रिव्हिजन हजेरीपत्रकाच्या माथ्यावर लिहा. एका बॅचला 15 ते 20 जण पुरे. रात्रपाळीची बॅच वेगळी लावा. ठेकेदाराची माणसंही घ्या आणि त्यांना हिंदी जवळची असेल तर हिंदीतच सांगा.

सरावाला रिफिलिंगची तारीख जवळ आलेले 6 किलोचे एबीसी पावडरचे (लाकूड-कागद, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारे) सिलिंडर वापरा, म्हणजे वेगळा खर्च पडत नाही. सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो, म्हणून एकावर तिघांचाच हात फिरवा. मोकळ्या जागी लोखंडी ट्रेमध्ये दोनेक इंच पाणी, त्यावर थोडं डिझेल. पेटवायला लांब दांड्याचा बोळा. त्याआधी सिक्युरिटीला आणि शेजारच्या कंपनीला कळवा, नाहीतर धूर पाहून तेच बंब बोलावतील. एक भरलेला सिलिंडर बाजूला राखीव हवाच.

वारा पाठीवर घेऊन अडीच-तीन मीटरवर उभं राहायचं. पिन काढायची, नोझल आगीच्या बुडाशी धरायचं, लिव्हर दाबून डावी-उजवीकडे फिरवायचं. अडतं ते पहिल्याच पायरीवर: घाबरलेला माणूस लिव्हर आवळूनच पिन ओढतो आणि पिन अडकून बसते. सिलिंडर खाली ठेवून, लिव्हर सोडून पिन काढायला लावा. दुसरी चूक म्हणजे ज्वाळांवर मारा करणं. पावडर वाया जाते, बूड पेटतंच राहतं. फार जवळून मारलं तर पेटतं तेल उडतं.

सीओ2 चा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) सिलिंडर असेल तर हॉर्न, म्हणजे पुढचं भोंग्यासारखं तोंड, हातात धरू देऊ नका, थंडीनं कातडी चिकटते. मूठ असते तिलाच धरायचं.

ट्रे विझला तरी तापलेलाच असतो. त्यात पुन्हा इंधन ओतलं की वाफेचा भडका उडतो. पुढच्या फेरीआधी तो पूर्ण थंड होऊ द्या, कितीही घाई असली तरी.

थोडासा वापरलेला सिलिंडरही परत भिंतीवर टांगू नका. व्हॉल्व्हमध्ये पावडर अडकते आणि दाब हळूहळू उतरतो. सरळ रिफिलिंगला पाठवा, जागेवर दुसरा लावा.

हजेरीपत्रकावर ज्याची त्यानंच सही करायची. एकाच हस्ताक्षरातल्या वीस सह्या ऑडिटर लगेच ओळखतो. ‘प्रत्यक्ष चालवला’ असा वेगळा रकाना ठेवा. नुसतं पाहणाऱ्यापुढे फुली मारून त्याला पुढच्या बॅचला बोलवा. महिन्याभरानं कामाच्या जागी जाऊन एवढंच विचारा: तुझ्या मशीनजवळचा सिलिंडर कुठे आहे? उत्तर देताना इकडेतिकडे पाहणाऱ्याचं नाव पुन्हा यादीत घाला.